अर्ध्या मिशीची पैज

काळेवाडीच्या त्या गल्लीत पैज लागायला कारण लागत नसे, किसन लागे. सीट कव्हरचं दुकान, वय अठ्ठेचाळीस, मिशी पिळदार, आणि सगळी अक्कल दुसऱ्याची टोपी उडवण्यात खर्च. त्या रविवारी त्यानं समोरच्या लक्ष्मणरावांना धरलं.

"लक्ष्मणराव, तुमची म्हैस आता दावणीलाच मरणार बगा. सिग्नलला उभी राहिली की बसतीच!"

म्हैस म्हणजे लक्ष्मणरावांची ब्याऐंशी सालची काळी मोटरसायकल. नाव अर्थातच किसननं ठेवलेलं. वर्षभर ती रुसली होती. कार्बोरेटरमधून खोकायची, गिअर काढला की बंद. रोग लक्ष्मणरावांना ठाऊक होता. नव्या पेट्रोलात इथेनॉल आलं, त्याला जुन्या मापाची हवा जास्त होते. हवा कमी करून पेट्रोल थोडं वाढवावं लागतं. पण किती, हे कुठं लिहिलेलं नसतं.

"शालनला मागं बसवून मोशीला जाऊन येतो," लक्ष्मणराव तापले. "एका सिग्नलला जरी बंद पडली, तर भर चौकात अर्धी मिशी उतरवतो."

"आन् न्हाई पडली तर माझी! पुढच्या रविवारी."

सलूनवाल्या धनेशनं लगेच दोघांच्या मिशांचं माप डोळ्यानं घेतलं. गल्ली हसली. लक्ष्मणराव मात्र हसले नाहीत.

"बंद पडली तर गाडीबी जाईल. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय मी. हातात हुन्नरच राहिला नाही तर दारात लोखंड कशाला?"

तेवढं ऐकून किसनला जरा चुकल्यासारखं झालं. पण पैज ती पैज.

आठवडाभर लक्ष्मणराव गाडीपुढं बसून होते. फुगलेला पेट्रोलचा रबरी पाइप बदलला, पेट्रोल सोडणारा जेट एक माप मोठा बसवला, सुई एक खाच वर घेतली. उरला तो हवेचा स्क्रू. तो मापानं लागत नाही, कानानं लागतो. आणि लक्ष्मणरावांचा कान म्हणजे गल्लीची शान. चिंचवडच्या एका पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, पण गाडी कोपऱ्यावर असतानाच सांगायचा, "प्लग बदल रे, काळा पडलाय." रिटायर झाल्यावरही पोरं रांग लावायची ती त्या कानासाठी.

शुक्रवारी संध्याकाळी किसनला खाज सुटली. दुकानात जुन्या ट्रकचा रबरी भोंपू पडला होता. तो घेऊन चोरपावलांनी लक्ष्मणरावांच्या पाठीमागं गेला आणि सगळा जोर लावून दाबला.

भोंऽऽ!

हातगाडीखालचं कुत्रं शेपूट घालून पळालं. वरच्या मजल्यावरच्या करिष्माच्या हातून चिमट्यांची बादली सुटली. लक्ष्मणराव हलले नाहीत. स्क्रूड्रायव्हर स्क्रूवर, मान इंजिनाकडं कललेली, जसं काही बारीक ऐकतायत.

किसनचं हसू मिशीतच अडकलं. दारात मेथी निवडणाऱ्या शालनबाई दचकल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

तो त्यांच्याशेजारी पायरीवर टेकला. "कदीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. प्रेसच्या धडधडीनं कान खाल्ले. समोरच्याचे ओठ बघून निभावतात. मला म्हणतात, तू हळू बोलायला लागलीस."

समोर म्हैस खोकत होती. ते किसनला ऐकू येत होतं, शालनबाईंना येत होतं. लक्ष्मणराव मात्र समाधानानं मान डोलवत होते. म्हणजे पैज किसनच्या खिशात. मिशी शाबूत.

आजवर किसननं शंभर खोड्या काढल्या असतील. प्रत्येक खोडीत समोरचा आधी चिडायचा, मग त्याला कळायचं, मग तोही हसायचा. तीच तर गंमत होती. या खोडीत हसायला दुसरं माणूसच नव्हतं. आणि तोंडावर सांगावं, तर लक्ष्मणरावांकडं गाडीही उरणार नाही, कानाचा मानही नाही. त्यानं भोंपू पाठीमागं सरकवला.

"वैनी, म्हैस धड होती तवा कशी बोलायची, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? कोपऱ्यावर वळली की मी भाकर तव्यावर टाकायचे. दुसऱ्याच्या गाडीपायी एक भाकर गार झाली नाही कधी."

किसन उठला. लक्ष्मणरावांच्या पुढं जाऊन, हातवारे करत ओरडला, "अट वाढवली! तुमचा काय भरवसा न्हाई. पंच पायजे. वैनी बसणार हितं, गाडीसमोर!"

"बसू दे की! भितो काय?"

शालनबाई मेथी घेऊन स्टुलावर बसल्या. लक्ष्मणरावांनी स्क्रू पाव वळसा बाहेर घेतला. शालनबाईंच्या कपाळावर आठी आली, भातात खडा लागावा तशी. लक्ष्मणरावांचा हात थांबला. त्यांनी बायकोकडं पाहिलं. मग किसनकडं. किसन आपल्या दुकानाच्या दारात रेग्झिनची घडी घालण्यात फार गुंतला होता, आधीच घातलेली घडी.

त्यानंतर लक्ष्मणरावांनी कार्बोरेटरकडं पाहिलंच नाही. स्क्रू आत, थोडा. आठी सैल. अजून थोडा. आठी परत. केसभर मागं. शालनबाईंचे खांदे उतरले, आणि थांबलेली बोटं आपोआप मेथी निवडू लागली.

लक्ष्मणरावांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. म्हैस संथ रवंथ करत होती.

रविवारी किसन आपल्या स्कूटरवरून मागोमाग, साक्षीदार. जातानाचे सिग्नल निघाले. येताना मोशीजवळच्या मोठ्या सिग्नलला पुढं डंपर, मागं बस. म्हैस एकदा खोकली. दुसऱ्यांदा खोकली. किसन श्वास धरून स्वतःच्याच मिशीविरुद्ध नवस बोलला. शालनबाईंनी नवऱ्याचा खांदा दाबला, लक्ष्मणरावांनी ॲक्सिलरेटर जरासा पिळला, आणि म्हैस सावरली. हिरवा लागला.

चौकात खुर्ची मांडली होती. किसनच्या तोंडाला फेस, भोवती अख्खी गल्ली, वरून करिष्माचा मोबाइल. पैज जिंकणाऱ्याच्या पाठीमागून धनेशनं विचारलं, "लक्ष्मणराव, कुठली बाजू?"

लक्ष्मणराव किसनच्या फेसाकडंच बघत राहिले. लोक थांबले. धनेशनं पुन्हा विचारायला तोंड उघडलं, तोवर लक्ष्मणरावांची नजर शालनबाईंकडं गेली. शालनबाईंनी पदर सारखा करता करता आपल्या ओठाच्या डाव्या कडेला बोट लावलं.

"डावी!" लक्ष्मणराव गरजले.

"आरं, डावीकडनं फोटो बरा येतो राव माझा!" किसन कळवळला, आणि डावा गाल पुढं केला.