रणूचं जावळ

विमानात थंडी होती, टॅक्सीत वारा होता, म्हणून रणूच्या डोक्यावरच्या टोपीला तेजश्रीने कुणाला हात लावू दिला नव्हता. नेरूळच्या घरात मात्र कारण उरलं नाही. तिच्या सासूबाईंनी, राजाबाईंनी, दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातवाला कडेवर घेतलं आणि कौतुकाने टोपी ओढली. आत सोललेल्या नारळासारखं गुळगुळीत डोकं.

राजाबाई त्या डोक्यावरून नुसता हात फिरवत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तेजश्रीला वाटलं.

त्यांच्या घराण्यात मुलाचे जन्मापासूनचे केस पालीच्या खंडोबापुढे, मामाच्या मांडीवर बसवूनच उतरवायचे. तोवर जावळाला कात्री लावायची नाही. रणूचं पहिल्या वर्षीच व्हायचं, पण आजोबा गेले, दुखवट्याचं वर्ष आलं आणि ते राहिलं. येत्या पौषात यात्रेला जायचं पक्कं होतं. तोवर राजाबाई रोज सकाळी त्याच्या केसांना तेल लावून वर एक कारंजं बांधून द्यायच्या आणि सोसायटीतल्या बायका त्याला मुलगी समजायच्या, याची त्यांना गंमत वाटायची.

मध्येच हा कंबोडियाचा बेत निघाला. तेजश्रीच्या नवऱ्याला, कुलदीपला, ऐरोलीच्या कंपनीतून सुट्टी मिळाली ती तेवढीच.

"आदी देवाचं उरका, मग जावा की कुटं जायचं तिकडं," राजाबाई म्हणाल्या होत्या.

"आई, तिकडेपण देवळंच बघायचीयत," कुलदीप म्हणाला.

"पडकी हायेत म्हनं."

"हो, हजार वर्षं जुनी."

"मग देव कुटं ऱ्हातो?"

कुलदीपने आईला फोनवर तिकिटं दाखवली.

आता खरं सांगायचं तर त्या देवळांत रणूला आवडलं काय, तर एक कोंबडी. आईबाप माना वर करून कोरीव अप्सरा बघताहेत आणि हे चिरंजीव दगडांच्या ढिगातून कोंबडीमागे धावताहेत. धावून दमला तेव्हा तेजश्रीने त्याला एका पायरीवर बसवलं आणि हातात ताडाच्या गुळाची वडी दिली. जरा गप्प बसावा, एवढाच हेतू. समोर एका भिंतीला झाडाच्या मुळांनी अजगरासारखा विळखा घातला होता. तिथे फोटो काढायला रांग होती आणि रांगेत त्यांचा नंबर आला होता. "डावीकडे बघ. जरा हस. ओढणी सोड," असं कुलदीप म्हणत राहिला आणि तेजश्री हसत राहिली. रणूने वडी चोखली, हात डोक्याला पुसले, पुन्हा चोखली, पुन्हा पुसले आणि तिथेच भिंतीला टेकून झोपला.

त्याच्या किंकाळीने ती पळाली तेव्हा त्याच्या केसांत लाल मुंग्या भरल्या होत्या. गुळाने केसांचा चिकटा झालेला, मुंग्या निघेनात. पाणी ओतलं, रुमालाने झटकलं, पोर टाहो फोडतंय. शेवटी शहाळी विकणाऱ्या बाईने कात्री पुढे केली आणि तेजश्रीने एकदाही विचार न करता सपासप जावळ कापलं. रात्री उरलेलं हॉटेलजवळच्या न्हाव्याने साफ केलं. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते त्याआधीचं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणूनच राजाबाईंचा हात त्या डोक्यावरून फिरत असताना तिच्या तोंडून गेलं, "उवा झाल्या होत्या त्याला, आत्या." सासूला ती माहेरच्या रीतीने आत्याच म्हणायची. "लई झाल्या होत्या. काढावंच लागलं."

कुलदीपने तिच्याकडे पाहिलं आणि बॅगा आत न्यायला लागला. उवा कुणालाही होतात, त्यात कुणाचा दोष नाही, असा तिचा हिशेब. पण राजाबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"माज्याच," त्या म्हणाल्या. "तुमी जायच्या आदी म्या विमलबाईच्या नातीच्या लग्नाला गेलेवते न्हवं का. धा बायापोरी एका खोलीत, उशीला उशी लावून. तितनं आनल्या म्या. आन् पोरगं माज्याच कुशीत झोपायचं." त्यांनी रणूला हळूच खाली ठेवलं.

तेव्हाच सांगायचं होतं. ते राहिलं, आणि एकदा राहिलं की ते रोज राहत गेलं. राजाबाईंनी उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यात घातले, खोबरेल तेलात कापूर घालून स्वतःच्या डोक्याला चोपडलं, शेजारच्या मीनाला बोलावून बारीक फणी फिरवून घेतली. मीनाला एकही ऊ सापडली नाही. "आसत्यात," राजाबाई म्हणाल्या, "तुला दिसत न्हाईत." आतली खाट सोडून त्या हॉलमध्ये चटईवर झोपू लागल्या. रणू सवयीने गळ्यात पडायला यायचा, तर त्या हात लांब करून त्याला थांबवायच्या. "तितंच उबा ऱ्हा. आजीला हात लावू नगं, राजा." पोर पहिल्यांदा रडलं, मग रुसलं, मग त्याने रडणं सोडून दिलं.

तिकडे नातेवाइकांच्या ग्रुपवर मुळांपुढच्या फोटोचं कौतुक चाललं होतं. फोटो सुरेख आला होता. कोपऱ्यात पायरीवर डोक्याला हात पुसणारं एक पोर दिसत होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तेजश्रीचंच काय ते जायचं.

"आता सांगून काय होणार? उगाच टेन्शन," कुलदीप म्हणाला. "विसरेल आई. पौषात पुन्हा काढू ना केस खंडोबाला."

विसरणारी बाई ती नव्हे. एका सकाळी तेजश्री डबा भरत होती. देव्हाऱ्यापुढे राजाबाई हात जोडून खंडोबाच्या टाकाशी बोलत होत्या, शेजारणीशी बोलावं तशा. "तुजं हुतं ते माज्या डोस्क्यापायी गेलं. पोराला कळत न्हाई, पोराच्या आईबापाला कळत न्हाई. मला कळत हुतं. काय आसंल ते माज्यावर काड."

तेजश्रीने डबा तसाच ठेवला. सासूच्या शेजारी जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. गूळ, पायरी, रांग, फोटो, मुंग्या, कात्री. सांगताना तिने स्वतःला कुठेही सावरून घेतलं नाही. "उवा नव्हत्याच, आत्या. मी खोटं बोलले. तुमच्यावर जाईल असं वाटलं नव्हतं, आणि गेलं तरी मी गप्प बसले."

राजाबाईंनी समईची वात पुढे सारली. आता आकांत होईल, देवाचं नाव निघेल, माहेर निघेल, म्हणून तेजश्रीने मान खाली घातली.

"लई चावल्या का गं मुंग्या?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आन् हितं आल्यावर म्या त्याला जवळबी घेतलं न्हाई." एवढं बोलून त्या वळल्या. रणू खोलीच्या दारात उभा होता, डोक्यावर नुकतीच काळी लव आलेली. राजाबाईंनी दोन्ही हात पसरले. "ये राजा. ये माज्याकडं."

रणू धावत आला आणि हाताच्या अंतरावर येऊन थांबला. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि शहाण्यासारखं आजीला सांगितलं, "मी हात नाय लावत."