आतून ठोकलेल्या पाचरी

परशुराम धुरी एसटीतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या मुलीने, अक्षयाने, ठाण्याहून फोन करून विचारलं, "बाबा, तुमाक काय व्हया ता सांगा." अंगठी मागतील, नाहीतर मोठा टीव्ही, अशी तिची अटकळ. परशुराम म्हणाले, "जपानी करवत."

बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसलेल्या या माणसाने लाकडाला कधी हात लावला नव्हता. पण मोबाईलवर त्यांनी एक जपानी म्हातारा पाहिला होता. तो जमिनीवर बसून, फळीवर पाय रोवून, करवत आपल्या पोटाकडे ओढायचा आणि लाकूड लोण्यासारखं दुभंगायचं. घाम नाही, धाप नाही. परशुरामांना वाटलं, उरलेलं आयुष्य असं जावं.

करवत आली. वेताने गुंडाळलेली लांब मूठ, कागदासारखं पातळ पातं. ती घेऊन ते आधी लवू मेस्त्रीकडे गेले. लवू त्यांचा शाळासोबती. मालवण-आचरा रस्त्यालगतच्या वाड्यांमधली निम्मी दारं त्याच्या हातची. लवूने करवतीच्या दातांवरून अंगठा फिरवला.

"परशा, ही उलटी आसा."

"उलटी नाय, जपानी. आपली करवत ढकलताना कापता, ही ओढताना कापता."

"म्हंजे उलटीच मरे!"

लवू हसला, त्याचं गिऱ्हाईकही हसलं. परशुरामांनी करवत कागदात गुंडाळली आणि तिथेच जाहीर केलं, की बायकोच्या, सावित्रीच्या, कोंबड्यांसाठी आपण एकही खिळा न वापरता खुराडं बनवणार. मुंगसाने त्या महिन्यात दोन कोंबड्या नेल्या होत्या. त्यामुळे या प्रतिज्ञेला सावित्रीबाईंचीही हरकत नव्हती.

अकरा दिवस परशुराम मागच्या पडवीत खपले. लाकूड फणसाचं, पिवळंधमक. चार फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट उंच, वर पट्ट्यांचंच छप्पर. प्रत्येक उभ्या पट्टीला वर-खाली खाच, खाचेत घट्ट बसणारी लाकडाची जीभ, म्हणजे कूस, आणि कुशीत पाचर. पहिल्या दोन दिवसांच्या पट्ट्या चुलीत गेल्या. तिसऱ्या दिवशी खाच बसली तेव्हा त्यांनी ती उघडून पुन्हा बसवली, मग परत उघडून पुन्हा बसवली, आणि जेवायला हाका मारल्या तरी उठले नाहीत. कोंबड्यांना जायला-यायला वीतभर चौकोनी भोक ठेवलं, जेमतेम एक कोंबडी मावेल एवढं; रात्री त्यावर दगड लावायचा. शिवाय एक युक्ती त्यांची स्वतःची होती, त्या जपान्यालाही सुचली नसती: सगळ्या पाचरी आतून ठोकायच्या. मग मुंगूस बाहेरून कितीही झटलं तरी त्याला पाचर सापडायची नाही.

अकराव्या दिवशी सकाळी सावित्रीबाई मासळी आणायला गेल्या असताना परशुरामांनी आत बसून शेवटच्या भिंतीच्या पाचरी ठोकल्या. वर आलेली टोकं करवतीने सपाट केली. बोट फिरवून पाहिलं. कुठे काही लागत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग बाहेर पडायला म्हणून ते वळले.

थोडा वेळ ते त्या वीतभर भोकाकडे बघत राहिले. मग त्यातून त्यांनी एक हात बाहेर काढून पाहिला. हात व्यवस्थित गेला. पाचरी आतच होत्या, पण सपाट केल्यामुळे धरून उपटायला टोकच उरलं नव्हतं.

करवत जवळ होती, म्हणजे सुटका होती. त्यांनी एका पट्टीला पातं लावून ओढलं. चार बोटं ओढल्यावर कोपर मागच्या भिंतीवर आपटलं. ओढायच्या करवतीला माणसाच्या मागे मोकळी जागा लागते, हे त्यांना त्या क्षणी पुरतं समजलं. आणि खरं सांगायचं तर त्यांचा हातही होत नव्हता. कुठची पट्टी कापायची? सगळ्यांत सुबक बसली ती, की किंचित डावी गेली म्हणून जास्त लाडकी झालेली?

सावित्रीबाई पेडवे घेऊन आल्या तेव्हा नवरा खुराड्यात मांडी घालून बसला होता.

"अवो, तुमी भुतूर काय करतास?"

"तपासतंय."

"किती येळ?"

"बरोच येळ लागतलो," परशुराम म्हणाले.

सावित्रीबाई खुराड्याभोवती एक फेरी मारून आल्या. दार शोधत होत्या. मग घरात गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कप भोकातून गेला, ट्रे गेला नाही. जेवणाची वेळ झाली तसा तोही प्रश्न आला. ताट जाईना, तेव्हा त्यांनी भात केळीच्या पानात गुंडाळून दिला आणि कढी पेल्यातून.

"लवूभावजींक बोलवू?"

"नको."

"मग कोणाक?"

"कोणाक नको. जरा इचार करूंदे."

शेजारच्या राधाबाई ताक मागायला आल्या. त्यांनी परशुरामांना नीट न्याहाळलं, लाकडावर टकटक केली आणि सावित्रीबाईंना विचारलं, "खुराडो बरो झालो गो. पण ह्येंका हंयच ठेवतलंस, तर कोंबये खंय रवतले?"

कोंबड्यांना हा प्रश्न पडला नव्हता. दुपारची उन्हं चढली तशा त्या सावली बघून एकेक करून भोकातून आत शिरल्या आणि परशुरामांच्या गुडघ्यांशी, पाठीशी जागा करून बसल्या. एक कबरी कोंबडी महिनाभर अंडं देत नव्हती. तिला रश्श्याला लावायची असं घरात ठरलंच होतं. ती दोनदा त्यांच्याभोवती फिरली, मांडीत चढली, पंख फुगवले आणि डोळे अर्धे मिटून स्थिर झाली.

"सावित्री," परशुराम दबक्या आवाजात म्हणाले, "ही काय करता बघ गो."

सावित्रीबाई पट्टीला नाक लावून वाकल्या. "हालू नकात! घालता वाटता!"

"माज्या पायाक मुंग्ये इले."

"येवंदेत. श्वास हळू घेवा."

तासभर परशुराम श्वास हळू घेत होते. बायकोने त्यांच्याकडे इतक्या काळजीने बघितल्याला बरीच वर्षं झाली होती. ती काळजी मांडीतल्या कोंबडीसाठी होती हे त्यांना कळत होतं, तरी बरं वाटलं.

अंडं झालं. पण कोंबडी उठेना. आता मात्र सावित्रीबाईंनी कोणाला न विचारता लवू मेस्त्रीला फोन लावला.

लवू आला. तो हसेल म्हणून परशुरामांनी मान फिरवली होती. लवू हसला नाही. त्याने चष्मा लावला, उकिडवा बसला आणि प्रत्येक सांध्यावरून नख ओढत चारही बाजू फिरला. नख कुठेच अडलं नाही.

"कोणी शिकयला तुका?"

"मोबायलान."

"माज्या पोटच्या झिलाक दहा वर्सां शिकयतंय, त्येका अशी कूस जमना नाय." लवूने चष्मा काढला. "मी ह्या कापूचंय नाय, परशा. पाप लागात."

"अवो भावजी, माणूस आत आसा!" सावित्रीबाई म्हणाल्या.

"ता माका दिसता, वयनी. पण काम बघा!"

 पन्नास वर्षांच्या ओळखीत लवूने परशुरामांची ही पहिलीच स्तुती केली होती आणि तीच नेमकी त्यांना आत ठेवत होती. शेवटी त्यांनी स्वतःच बोट ठेवून दाखवलं: भोकाशेजारच्या पाच पट्ट्या, वर आणि खाली सरळ कापायच्या, म्हणजे पुढे त्यांचंच दार होईल. करवत त्यांनी भोकातून बाहेर दिली.

लवूने ती धरली, नेम घेतला आणि ढकलली. पातं टँव् करून धनुष्यासारखं वाकलं. आतल्या सगळ्या कोंबड्या ओरडल्या.

"ओढ रे! ढकलू नको, ओढ!"

"ओढतंयच मरे!" म्हणत लवूने पुन्हा ढकलली. त्याचा हात चाळीस वर्षं पुढे जात आला होता. तो धन्याचं ऐकायला तयार नव्हता. तिसऱ्या खेपेला त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरून मागे खेचायचा प्रयत्न केला आणि स्वतःच मागे फणसाच्या भुशात बसला.

"द्या हंय," सावित्रीबाई म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला, मूठ दोन्ही हातांत धरली आणि विहिरीतून कळशी ओढतात तशी करवत ओढली. लांब, एका लयीत, घाई न करता. सर्रर. सर्रर. पातं रेघेवरून तसूभर हललं नाही. पिवळा भुसा त्यांच्या पावलांवर साचत गेला. पाच पट्ट्या, दहा छेद. लवू तोंड उघडं टाकून बघत होता. आतून परशुराम बघत होते. जपानी म्हाताऱ्याच्या हातात जे त्यांनी पाहिलं होतं, ते अकरा दिवसांत त्यांच्या हातात एकदाही उतरलं नव्हतं. आणि ते इथे, हातभर अंतरावर, आपल्याच घरात होतं.

फट मोकळी झाली. आधी अंडं बाहेर आलं, मग कबरी कोंबडी, आणि शेवटी रांगत परशुराम. उभं राहायला त्यांना बराच वेळ लागला. लवूने बिजागऱ्या आणून त्याच पाच पट्ट्यांचं दार बसवून दिलं. प्रतिज्ञा खिळ्यांची होती, बिजागऱ्यांना स्क्रू असतात, असं तिघांनी मिळून ठरवलं.

आठवड्याने लवू मेस्त्री सकाळीच अंगणात हजर झाला. खांद्यावर सागाची फळी होती. कोणाच्या तरी देवघराची कमान, बारीक काम.

परशुराम लगबगीने पुढे झाले. "ये, ये. खंयचो सांदो?"

"सांद्याचा मागीर बघूया," लवू म्हणाला. "वयनी आसत काय घरात?"

सावित्रीबाई हात पुसत आल्या. फळी पाहिली, रेघ कुठून कुठे ते विचारलं आणि जपानी करवत घेऊन बसल्या. परशुराम थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग त्यांनी फळीचं दुसरं टोक धरलं, पण लवूने खूण केली, की नको, हलतंय. तेव्हा ते आत गेले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी स्वतः चहा टाकला. साखर कुठल्या डब्यात असते हे विचारायला ते दोनदा दारापर्यंत आले आणि बाहेरची लय मोडू नये म्हणून न विचारताच परत फिरले.