ताईला साहेबांसमोर बसवताना

सचिवालयात धाकटीला सगळे सोयरीकबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या जवळून. कामच तसं होतं तिचं. विद्यापीठात कोण काय शोधून बसलंय ते हुडकायचं, खात्याच्या साहेबांचं घोडं कुठे अडलंय ते काढून घ्यायचं आणि दोघांना एका टेबलाशी बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. एकाला थोडक्यात बोलता येत नाही, दुसऱ्याला सविस्तर ऐकवत नाही. विद्वानांना वाटतं, खरं सांगितलं की आपण सुटलो. साहेबलोकांना वाटतं, सही ठोकली की आपण सुटलो. आणि ज्यांच्या जिवावर हा खटाटोप चालतो, ती माणसं त्या खोलीच्या आसपासही नसतात.

या खेपेला फाईल होती डोंगरपट्टीची. तिथली लहान लहान प्रसूतिगृहं बंद करायची आणि सगळ्या बाळंतिणी खालच्या मोठ्या रुग्णालयात आणायच्या. कागदावर झकास दिसत होतं. यंत्रं आहेत, तज्ज्ञ डॉक्टर आहेत. फक्त कळा सुरू झालेल्या बाईने डोंगर उतरायचा कसा, एवढंच लिहायचं राहिलं होतं. साहेब दुपारी सही करणार होते. त्याआधी एखाद्या जाणकाराचं ऐकतो म्हणाले. हा त्यांचा भलेपणा. बाकीचे तेवढीही तसदी घेत नाहीत.

या विषयातली जाणकार एकच, आणि ती नेमकी धाकटीची सख्खी थोरली बहीण. धाकटीने नातं आधीच सांगून टाकलं. साहेब म्हणाले, बहीण असली म्हणून काय झालं, अक्कल असेलच की.

अक्कल होती, रग्गड होती. ताईने उमेदीची सगळी वर्षं त्या डोंगरांत तंगडतोड करण्यात घालवली होती. जेवणाच्या ताटावरसुद्धा ती आडवं आलेलं मूल आणि न थांबणारं रक्त यावरच बोलायची, आणि समोरच्याचा घास तोंडातच फिरायचा. पण कुणी तिला अधिकृत प्रश्न विचारला की हीच बाई शब्दाशब्दाला तागडी लावायची.

साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर धाकटीने तिचे विस्कटलेले केस बोटांनी सारखे केले. ताईने मान झटकली.

"तुझ्या साहेबाला गोड लागावं म्हणून मी काही फुगवून सांगणार नाही हं."

"फुगवू नकोस गं," धाकटी म्हणाली. "फक्त गिळू नकोस."

आत गेल्यावर पाहुण्याला खुर्ची दाखवायची आणि स्वतः भिंतीला लागून गप्प बसायचं, असा सोयरीकबाईला दंडक होता. तिच्या आधी या जागेवर असलेल्या गृहस्थाने मध्ये तोंड घातलं, तर त्याला जुन्या फायलींच्या गोदामात धाडलं होतं. धाकटी भिंतीशी बसली.

ताईने सुरुवातच केली ती माहिती कशी गोळा केली इथपासून. साहेबांनी बराच वेळ दम धरला. मग त्यांनी सरळ विचारलं की ही प्रसूतिगृहं बंद केली तर बायका दगावतील का, हो की नाही. ताईने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"गावं लहान आहेत. बाळंतपणं थोडी. तेवढ्यावरून ठाम म्हणता येणार नाही."

शंभर टक्के खरं. तिच्या जगात याचा अर्थ, अजून खोदा. साहेबांच्या जगात प्रश्न मिटला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि तज्ज्ञांनी धोका दाखवलेला नाही असं टिप्पणीत घेतो म्हणाले. माणूस लबाड नव्हता. आयुष्यभर त्याला असंच ऐकायला शिकवलं होतं. आणि ताईने, धन्य त्या बाईची, मान डोलावली. वाक्य बरोबरच होतं ना! धाकटीला कळेना, हिचं डोकं भिंतीवर आपटावं की आपलं.

ती उठली. "साहेब, मी हिला एक विचारू?"

साहेबांच्या भुवया चढल्या, पण पेन थांबलं.

"ताई, मागे वरच्या अंगाची प्रसूतिगृहं बंद केली होती ना, त्यांतलं पुन्हा कुठलं उघडलं?"

"एकही नाही," ताई फटकन म्हणाली. "उघडणार कसं? नर्स बदलून गेल्या, खोल्यांत कुणीतरी सिमेंटची पोती रचली. बायका निवेदनं घेऊन फिरल्या, कुणी दारात उभं केलं नाही. यात मला तिळमात्र शंका नाही. पण तो माझ्या संशोधनाचा प्रश्न नव्हता."

"माझा आहे," साहेब म्हणाले.

मग ते खुर्ची ओढून पुढे सरकले. चालू ठेवली आणि तो निर्णय चुकला, तर पुढच्या वर्षी बंद करता येतील. बंद केली आणि चुकलं, तर? हे ते स्वतःशीच बोलत होते. त्यांनी कागदावर पेन्सिलीने डोंगर काढले, पोराटोरांसारखे त्रिकोणी. ताईने पेन्सिल त्यांच्या हातातून काढूनच घेतली आणि नदी कुठे आडवी येते, दरड कुठे कोसळते, बारमाही रस्ता कुठवर आहे, ते घडाघडा दाखवलं. एकदाही कदाचित म्हणाली नाही. शेवटी साहेबांनी लिहिलं की बारमाही रस्ता नाही तिथलं एकही बंद करू नये. रस्त्यालगतची मात्र खाली हलवावीत.

धाकटीकडे बघून ते एवढंच म्हणाले, की गोदामात फार धूळ असते असं ऐकतो. आणि पुढची फाईल ओढली.

बाहेर जिन्यावर ताई थांबली. तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलीही होती.

"रस्त्यालगतची गेली. माझ्याच हाताने दाखवली मी ती."

"हो," धाकटी म्हणाली. ते खोटं पाडण्यासारखं नव्हतंच.

"तिथल्या नर्सने मला किती वेळा घरी ठेवून घेतलंय. पावसात अडकले की तिचंच अंथरूण मला. तिला काय तोंड दाखवू?"

"जे झालं ते तसंच सांगायचं. आदेश पोचायच्या आत. मी येते तुझ्याबरोबर."

ताईने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू? पहिल्या वळणाला गाडी लागते तुला."

"लागू दे. ओकत येईन."

ताईने पिशवी धाकटीच्या हातात दिली, दंड धरला आणि दोघी खाली उतरू लागल्या.