व्हेरोनिकाच्या मशीनचा पट्टा

रविवार, ८ जानेवारी १९७८. वसईकडच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सकाळी सातची प्रार्थना, मिस्सा, संपत आली होती. फादरांनी आल्तारावरून, म्हणजे वेदीवरून, वाचलं, की वटारच्या सॅन्टन आणि जुलियाना यांची मुलगी व्हेरोनिका हिचं लग्न नंदाखालच्या फर्डिनंडशी ठरलं आहे. ही पहिली घोषणा. या लग्नाला कोणाला काही अडथळा ठाऊक असेल तर त्याने तो कळवावा.

अशी घोषणा लागोपाठ तीन रविवारी होते, मुलीच्या गावी आणि मुलाच्याही. अडथळा म्हणजे आधी झालेलं लग्न, जवळचं रक्ताचं नातं, असं काहीतरी. वटारमध्ये कोणी कधी काही कळवल्याचं ऐकिवात नव्हतं. तरीही ते वाक्य आलं आणि जुलियानाने शेजारी बसलेल्या मुलीचं मनगट गच्च धरलं.

व्हेरोनिकाला झोप येत नव्हती. दोन-तीन वर्षं झाली असतील. अंथरुणावर पडलं की छातीत धडधड सुरू व्हायची आणि सगळी उद्याची कामं एकदम अंगावर यायची. कोणाचा गाऊन आखूड तर झाला नाही ना, गॅस बंद केला का, बाच्या खोकल्यात काही वेगळं तर नाही ना. तासाभराने ती उठायची आणि शिलाईच्या पायमशीनवर बसायची. चाक फिरू लागलं की धडधड कमी व्हायची. जायची नाही, पण कमी व्हायची. वटारपासून आगाशीपर्यंतच्या नवरीमुलींचे पांढरे गाऊन तिने या असल्या वेळांत शिवले होते, आणि शिवण कुठे वाकडी गेल्याची तक्रार नव्हती.

गावाला मात्र कारण हवं होतं. कोणी म्हणालं प्रेमभंग, कोणी म्हणालं नजर. एकीने दुधात जायफळ घालून दिलं, दुसरीने टाळूवर तेल थापलं. वसईच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळीने झोप यायची, पण सकाळी, कात्री हातात असताना. त्या गुंगीतच तिने गावातल्या सालोमीच्या मुलीच्या गाऊनच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. सालोमी हसली. व्हेरोनिका हसली नाही. तिने गोळ्यांची बाटली केळीच्या आळ्यात ओतली आणि कापड स्वतःच्या खिशातून भरून दिलं.

मिस्सा सुटल्यावर देवळाच्या अंगणात शेजारच्या मार्थाने तिचा गाल कुरवाळला.

"आता नंदाखालवाले झोपायचे कसे गो? रात्रभर तुझं खडखड खडखड!"

आजूबाजूच्या बायका हसल्या. जुलियानाही हसली. घरी आल्यावर तिने थेट मशीनच्या चाकावरचा चामडी पट्टा काढला आणि घेऊन आत गेली.

"लग्न होईपर्यंत मिळायचा नाही," ती आतून म्हणाली.

"माझ्या लग्नाचा गाऊन कोण शिवणार?"

"दिवसा माग. देईन."

"आय, मला दिवसाची अडचण नाहीये."

"रात्री माणसं झोपतात, बाय. नसेल झोप येत तर डोळे मिटून पड. बाहेर आवाज नको. कोणी नंदाखालला जाऊन सांगितलं, की मुलगी अशी, म्हणजे झालं मग."

"अशी म्हणजे कशी?"

सॅन्टन ओट्यावर केळीचे घड पाहत होता, तो घडच पाहत राहिला.

तो आठवडा व्हेरोनिकाला फार जड गेला. डोळे मिटून पडायचं, तर मिटलेल्या डोळ्यांआड धडधड दुप्पट व्हायची. एकदा तिने पट्ट्याच्या जागी सुतळी बांधून चाक फिरवून पाहिलं, सुतळी घसरली. त्या घसरलेल्या सुतळीकडे बघताना तिला भीतीऐवजी राग आला. फार दिवसांनी आला होता, त्यामुळे बरा वाटला.

दुसरी घोषणा झाली त्या रविवारी ती मिस्सेनंतर फादरांकडे गेली. ते व्हरांड्यात चहा घेत होते.

"फादर, अडथळा कळवायचाय."

त्यांनी कप खाली ठेवला. "कोणाच्या लग्नाला?"

"माझ्या. मला झोप येत नाही."

फादरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हा अडथळा नव्हे, बाय. यात लग्न अडण्यासारखं काही नाही."

"नक्की?"

"नक्की. मी सांगतो ना."

"मग पुढच्या रविवारी तेवढंही वाचा. व्हेरोनिकाला झोप येत नाही आणि तो अडथळा नाही. म्हणजे आमच्या आयला पट्टा लपवावा लागणार नाही."

फादर हसले. ती हसत नाहीये हे पाहून थांबले. "असं आल्तारावरून सांगत नसतात. त्यापेक्षा रोजरीची प्रार्थना म्हण, मन शांत होईल."

"म्हणते, फादर. रोज म्हणते. एकदा संपली की परत म्हणते. तुम्ही नाही सांगत, तर मी सांगते. नंदाखालला."

दुपारी जेवण झाल्यावर तिने चांगली साडी नेसली. जुलियाना दारात आडवी उभी राहिली.

"स्वतःच्या हाताने लग्न मोडायला निघालीस?"

"मोडायला नाही, सांगायला. मोडायचं की नाही ते त्यांनी बघावं."

"लग्नानंतर सांग. मग काय करणारेत?"

"मग ते पण पट्टा लपवतील. तू आय आहेस, तुझ्याशी मी भांडू शकते."

जुलियाना बाजूला झाली नाही. सॅन्टनच उठला, आणि बायकोचा दंड धरून त्याने तिला हलकेच आत घेतलं.

नंदाखालला फर्डिनंडची आई रेजिना अंगणात लग्नाचे तांदूळ निवडत बसली होती. होणारी सून एकटी, चालत आलेली पाहून ती सुपासकट उभी राहिली. व्हेरोनिकाने बसायच्या आधीच सांगून टाकलं. बसल्यावर जीभ अडखळेल अशी तिला भीती होती.

"रात्रभर जागी?" रेजिनाने विचारलं. "आणि दिवसा?"

"दिवसापण जागीच. काम करते."

"डोक्याचं काही आहे का?"

"छातीत धडधडतं. डॉक्टरने सगळं तपासलंय."

"लग्न झालं, पोरंबाळं झाली की झोप आपोआप येते. इतकी येते, की बस."

"नाही आली तर? ते आताच ठरवा, मावशी. मी गोळ्या खाणार नाही. दिवा लपवणार नाही. रात्री मशीनवर बसेन. शेजारी विचारतील तेव्हा तुम्ही काय सांगणार?"

रेजिनाने सूप हलवलं, पण त्यातला एकही खडा उचलला नाही. "आमच्या घरात अशी गोष्ट कधी झाली नाही."

"आमच्यापण नव्हती."

एवढ्यात फर्डिनंड विहिरीकडून आला. त्याने अर्धंच ऐकलं होतं. उरलेलं व्हेरोनिकाने त्याला सांगितलं, तेच शब्द, तोच आवाज. त्याने ओले हात सदऱ्याला पुसले.

"मशीनचा आवाज फार होतो का?"

"होतो."

"म्हणजे मागच्या खोलीत ठेवलं तर..."

"फर्डिनंड," आई म्हणाली.

व्हेरोनिकाने वाट पाहिली. तो पुढे काहीच बोलेना तेव्हा ती उठली.

"तिसरी घोषणा वाचायची की नाही ते आम्ही आमच्या फादरांना कळवू," रेजिना म्हणाली. "चहा तरी घेऊन जा."

तिने चहा घेतला. पूर्ण प्यायली.

परतताना ती घरी न जाता विरारला गेली आणि बाजारातून नवा पट्टा आणला. संध्याकाळी तिने सॅन्टनला हाताशी घेऊन मशीन आतल्या खोलीतून ओट्यावर आणलं, रस्त्यासमोर. मार्था कुंपणापाशी आली.

"काय गो, दुकान मांडलंस?"

"रात्री झोप नाही आली तर ये, मार्थामावशी. काजं करायला माणूस हवंय."

मार्था कुंपणापासूनच घरी वळली. त्या रात्री ओट्यावर मशीन चाललं. धडधड होतीच. जुलियाना दोनदा दारापर्यंत आली आणि दोनदा परत गेली. तिसऱ्यांदा शाल आणून मुलीच्या खांद्यावर टाकली, आणि म्हणाली, "याचा अर्थ मला पटलंय असा नाही."

आठवडाभरात नंदाखालहून निरोप आला नाही, ना हो म्हणून, ना नाही म्हणून.

२२ जानेवारीला वटारच्या देवळात तिसरी घोषणा झाली, कारण तिथल्या फादरांना कोणी थांबवलं नव्हतं. अडथळ्याचं वाक्य आलं तेव्हा जुलियानाने मुलीचं मनगट धरलं नाही. तिचे हात मांडीवर होते. नंदाखालची मिस्सा त्यानंतरची. तिथे नावं वाचतात की नाही ते ऐकायला सॅन्टन सायकल घेऊन निघाला.

अकरा वाजता व्हेरोनिका ओट्यावर आपला गाऊन शिवत होती. उजवी बाही लागली होती, डावी अजून टाचण्यांवर होती. नंदाखालच्या रस्त्यावर सॅन्टनची सायकल अजून दिसत नव्हती. तिने डावी बाही मशीनखाली घेतली.