बागवानांचं प्रमाणपत्र

मी एक प्रमाणपत्र बोलतोय. सोनेरी किनारीचा जाड कागद आहे. माझ्यावर छापलंय, ‘धारकाच्या बागेची एक वर्ष, दर रविवारी, विनामूल्य निगा राखली जाईल. सौजन्य : पाशामियाँ बागवान, उदगीर.’ यातलं सौजन्य तेवढं खरं आहे.

गावातल्या मूकबधिर मुलांच्या वसतिगृहाला नवं छत हवं होतं. म्हणून तिथल्या अधीक्षिका मंजुश्री मॅडमनी सेवांचा लिलाव ठरवला. कुणी महिनाभर शिकवणी द्यायची, कुणी दाढी-कटिंग. मॅडम दिल्लीत वाढलेल्या; तिकडे बागवान म्हणजे माळी. बाजारात ‘बागवान’ अशी पाटी वाचून त्यांनी फोन लावला आणि तुमची सेवा द्याल का, असं विचारलं. पाशामियाँ तेव्हा पेरू तोलत होते. दोन-चार डझन केळी मागत असतील, असं समजून ते ‘हाव, देतो’ म्हणाले. आपल्याकडे बागवान फळं विकतात, हे मॅडमना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मला छापून घेतलं.

पाशामियाँनी मला पाहिलं ते थेट स्टेजवर. ते उठून काही बोलणार, तेवढ्यात मुलांनी हात वर करून हलवले. त्यांच्यात टाळी अशीच वाजते. पाशामियाँ खाली बसले. घरी बायकोनं, कमरुन्निसांनी विचारलं तर म्हणाले, जबान दिली आता.

बोली लावून मला घेतलं जगदेवी शेटे यांनी. त्यांची बाग म्हणजे अंगणातला एकच बेल. त्यांचे मालक मलप्पा यांनी लावलेला. मलप्पा गेले आणि झाड वाळत चाललं. त्याचं पान पूजेला मिळेनासं झालं की मालक दुसऱ्यांदा गेले, असं जगदेवींना वाटायचं. माझ्यावर त्यांचा फार भरवसा होता. मला संकोच वाटायचा.

पाशामियाँ एकही रविवार चुकले नाहीत. कुदळ अशी धरायचे, जशी पाहुण्यांची छत्री. पाणी भरपूर घालायचे. दुकानातली सडकी केळी खत म्हणून बुडाशी ओतायचे. अंगणात वास सुटला, मुळं कुजली आणि दिवाळीपर्यंत झाड गेलं.

ते तोडलं त्या दिवशी जगदेवी रडल्या. पाशामियाँनी टोपी काढून हातात घेतली.

“अक्का, मी माळी न्हाई,” ते म्हणाले. “आमी नुसते नावाचे बागवान. फळं इकतो. तुमच्या मालकाचं झाड मी मारलं.”

जगदेवींनी पदरानं डोळे पुसले.

“आमचं आडनाव शेटे हाय,” त्या म्हणाल्या. “मालक जन्मभर कारकून व्हते. तुमी रविवारी या.”

रविवारी ते आले. सोबत बेलाचं रोप होतं, आणि किती पाणी घालायचं ते रोपवाटिकेत नीट विचारून आले होते. दोघांनी मिळून ते लावलं. केळी या वेळी चांगली आणली होती, ती घरात गेली, खायला.

सध्या मी देवघरातल्या कोनाड्यात असतो. रोपाला नवी पानं फुटलीत. जगदेवी ती तोडत नाहीत, नुसत्या बघतात. अधूनमधून मला काढून मुदत संपायची तारीख वाचतात आणि परत ठेवून देतात.

मला छापताना एक वर्ष लिहिलं. बेल मोठा व्हायला किती वर्षं लागतात, हे कुणी विचारलं नव्हतं. तरी संबंधितांनी कृपया दुरुस्ती करावी, ही नम्र विनंती.