खंडेनवमीचा हार

ईश्वरला आपल्या प्रेसचं भारी कौतुक. रांजणगावच्या त्या कंपनीत पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणारी ती अवजड मशीन, पण ईश्वरनं सेटिंग केलं की पीस असा देखणा पडायचा, की गडी उगाच त्यावरनं बोट फिरवत बसायचा. कंपनी मात्र एक नंबरची हलकट! लघवीला गेलं तरी सुपरवायझर बोराटे घड्याळ बघणार, तापानं फणफणलेल्या माणसाला मशीनवर उभा करणार. बायको सुवर्णा म्हणायची, "सोडा की ती नोकरी. कुत्र्यागत वागवत्यात तुम्हाला." हा म्हणायचा, "अगं, माणसं वाईट हायती, काम न्हाई."

खंडेनवमीला सकाळी प्रेसची पूजा झाली. हळदकुंकू, नारळ, आणि ईश्वरनं मांडवगणहून स्वतः आणलेला मनगटाएवढा जाड झेंडूचा हार. पुजलेल्या मशीनला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, ही रीत. पण रीतभात बोराटेला कुठली? दुपारी आला आणि गरजला, "ट्रक उभाय दारात. चालू करा!"

प्रेस चालू होईना. हार नेमका सेन्सरपुढं लोंबत होता, आणि आत हात गेला असं समजून तो सेन्सर प्रेस थांबवत होता.

"काढा तो हार."

कुणी हललं नाही. पुजलेला हार त्याच दिवशी उतरवायचा? ईश्वरच आडवा आला. "हाराला हात लावायचा न्हाई, सायेब."

"मग सेन्सर बंद कर. येतं की तुला. दसरा झाला की तुला सेटर करतो."

ईश्वरला तेही पटलं, काय म्हणावं या माणसाला! देवाचं राहिलं, बढतीही आली. पॅनल उघडून त्यानं वायर परस्पर जोडून सेन्सर बाद केला. फुलं वाचवायला आपण माणसाचा हात उघडा टाकतोय, हे त्याच्या टाळक्यात शिरलंच नाही.

पत्रे लावायला मागाहून आला तो खंडू, दौंडकडचा कंत्राटी कामगार. पत्रा वाकडा बसला की हात घालून सरळ करायचा, तेवढ्यापुरती प्रेस थांबायची, ही त्याची रोजची सवय. सेन्सर बंद केलाय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं हात घातला आणि प्रेस खाली आली.

हाडं चुरल्याचा आवाज सगळ्या शेडला ऐकू गेला. खंडू गुरासारखा हंबरला. रक्ताची चिळकांडी ईश्वरच्या तोंडावर, हारावर, छतापर्यंत उडाली. ईश्वरनं प्रेस वर घेतली, तर पंजा पत्र्यालाच चिकटून राहिला.

"डाय बघ रे आधी!" बोराटे ओरडला. "साच्याला काय झालं न्हाई ना?"

खंडूला बोराटेच्या गाडीत कोंबलं. शिरूरच्या दवाखान्यापर्यंत त्याचं डोकं ईश्वरच्या मांडीवर होतं, पँट रक्तानं भिजली होती. बोराटे पुढून म्हणाला, "मोटारसायकलवरनं पडला म्हणायचं. कंत्राटाचा माणूस हाय, आपला न्हाई. तोंड उघडलंस तर प्रेस इसर. रांजणगावात कुठल्याच गेटातनं आत घेणार न्हाईत तुला."

डॉक्टरांनी चेचलेलं मनगटही कापून काढलं. खंडूची बायको धनश्री आणि तिचा भाऊ हनुमंत धावत आले.

"गाडी घसरली, वहिनी," बोराटे म्हणाला. "ह्यालाच विचारा."

सगळे ईश्वरकडं बघायला लागले. खरं सांगायचं तर अजूनही त्याला ती प्रेस हवी होती. आपल्याला ती अजून हवीय, याचीच त्याला शिसारी आली.

"खोटं बोलत्यात हे," तो म्हणाला. "हात प्रेसमधी गेला. सेन्सर मी बंद केला. ह्यांनी सांगितलं, आन् मी केला."

हनुमंतचा पहिला ठोसा ईश्वरच्याच तोंडावर बसला. दात तुटून जिभेवर आला. बोराटे दाराकडं सटकला, तशी ईश्वरनं झेप घेऊन त्याची कॉलर धरली. पाठीत लाथा बसत होत्या, बोराटे त्याच्या बोटांना कडकडून चावत होता, पण त्यानं कॉलर सोडली नाही.

"मारा मला! पर ह्याला जाऊ देऊ नका!"

मग हनुमंतनं बोराटेचं डोकं धरून भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात दवाखान्यातल्या चौकीचा हवालदार धावत आला आणि त्यानं त्याला मागं ओढलं.

"कुणाविरुद्ध तक्रार हाय?" हवालदारानं विचारलं.

"दोघांइरुद्ध," ईश्वर रक्त थुंकत म्हणाला. "ह्यांच्या, आन् माझ्या. आधी माझं नाव घ्या."

धनश्रीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.