विल्होची जागा

गेल्या सप्टेंबरात इर्माच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली आणि डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं, "आता स्की बंद." इर्माने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली, घरी आली आणि जुन्या स्नोमोबीलच्या जाहिराती काढून बसली. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांना मटारचं सूप वाढून ती निवृत्त झाली होती, ती काही खिडकीत बसून मोजे विणायला नव्हे. तळं गोठलं की गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, रेनडिअरच्या कातड्यावर बसायचं, गळ खाली सोडायचा आणि खाली काय चाललंय याचा अंदाज घेत राहायचं, यासाठी ती जगत असे. खाली काय चाललंय हे तिला सगळीकडेच हवं असे, बर्फाच्या खालीही आणि लोकांच्या घरातही. धाकटा भाऊ टार्मो म्हणायचा, "ताई, उणे तीसमध्येसुद्धा तुझं नाक झाकलेलं नसतं."

मार्च अर्धा सरला तरी गाडी मिळाली नव्हती. एप्रिल संपता संपता बर्फ फुटतो, म्हणजे हातात जेमतेम सहा आठवडे. तेवढ्यात दुकानाच्या पाटीवर चिठ्ठी दिसली: स्नोमोबील, वीस वर्षांची, हजार युरो, साइमी. फोन नंबरसुद्धा नाही. साइमी काकू तळ्याच्या पलीकडच्या काठावर राहतात हे सगळ्यांना माहीत असताना नंबर कशाला? त्यांचे यजमान विल्हो मागच्या उन्हाळ्यात वारले, हेही माहीत होतंच.

"तिच्यात काही राम नाही," दार उघडल्या उघडल्या काकूंनी सांगितलं. वय अठ्ठ्याहत्तर, अंगाने काडी, आवाज खणखणीत. "धूर सोडते. सीट उंदरांनी कुरतडलीय. मागे घ्यायला गेलं की अडकते. या, बघून घ्या, मग कॉफी."

आमच्याकडे अशीच विक्री होते. विकणाऱ्याने वस्तूच्या सगळ्या खोडी सांगायच्या, आणि घेणाऱ्याने "इतकी काही वाईट नाही" म्हणून तिची बाजू घ्यायची. इर्माबरोबर आलेला टार्मो दोन वर्षं हेलसिंकीला राहिलेला, त्यामुळे तो सगळं उलटं करी. शेडमध्ये शिरल्याबरोबर तो पिवळ्या गाडीभोवती लाथा मारत फिरू लागला. "पट्टा जुना झालाय. रंग उडालाय. हजार युरो म्हणजे जरा..."

"मी काय सांगितलं तुला?" काकू म्हणाल्या. "राम नाही म्हणाले ना?"

टार्मोने उचललेला पाय खाली ठेवला. कबूल केलेल्या गोष्टीवर घासाघीस कशी करायची?

इर्मा मात्र काट्यापाशी वाकून उभी होती. काटा दाखवत होता चार हजार आठशे बारा किलोमीटर.

"काकू, विल्हो काका आठवड्यातून कितीदा जायचे?"

"चारदा धर. जानेवारी ते एप्रिल. टपालखात्यातून सुटल्यापासून एकही हिवाळा चुकवला नाही."

इर्माने मनातल्या मनात हिशोब केला. शाळेत तीनशे पोरांचे बटाटे मोजलेली बाई ती. वीस हिवाळे, हिवाळ्याला चौसष्ट खेपा, म्हणजे पावणेतेराशे. चार हजार आठशेला त्याने भागलं तर एका खेपेला जेमतेम पावणेचार किलोमीटर. जाऊन येऊन! आणि सगळा गाव तर म्हणत होता की विल्हो मोठ्या पाण्यावर जातो, अठरा किलोमीटर लांब.

"काटा मागे फिरवलाय," टार्मो कानात कुजबुजला.

इर्माने गाडीच्या खाली हात घालून पट्ट्याचे दात चाचपले. धार तशीच होती. पुढच्या घसरपट्ट्याही जेमतेम घासलेल्या. "काटा खोटं बोलेल," ती म्हणाली, "दात कसे बोलतील? ही गाडी कुठे गेलेलीच नाही."

मग तिला समोरची काच दिसली. काचेच्या आतल्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, खिळ्याने कोरलेली दोन चित्रं होती. एकात होड्यांची झोपडी आणि तिच्या बरोबर वर चर्चचा मनोरा. दुसऱ्यात दुबेळक्याचं झाड आणि त्याच्या फाट्यात धुराडं, वर टोपी असलेलं.

"कुणा पोराने रेघोट्या मारल्यात," टार्मो म्हणाला.

"गप रे. हे जागेचं चित्र आहे." इर्माचा आवाज खाली आला. मासे धरणारी माणसं तळ्यावर जागा अशीच लक्षात ठेवतात. मनोरा झोपडीच्या डोक्यावर आला की एक रेघ मिळते, धुराडं झाडाच्या फाट्यात आलं की दुसरी. दोन्ही जिथे जुळतात तिथे भोक पाडायचं. म्हणजे विल्होची जागा या काचेवर होती, सगळ्यांसमोर, आणि कुणाला वाचता आली नव्हती. इर्माच्या अंगावर शहारा आला, थंडीचा नव्हे.

"ही चित्रं काय आहेत, मला माहीत नाही," काकू मागून म्हणाल्या. "ते धुराडं कुणाचं, तेही माहीत नाही. म्हणून तर अट आहे."

"कसली अट?"

वेलदोड्याचा पाव आणि कॉफी पुढे आल्यावर काकूंनी ती सांगितली. कॉफीशिवाय बोलणं त्यांना अप्रशस्त वाटलं असावं.

"मी दक्षिणेची, गव्हाच्या शेतातली. पाण्यावर चालायचं माझ्या बुद्धीत बसत नाही. चाळीस वर्षं तळ्याकाठी राहिले, बर्फावर पाय ठेवला नाही. लग्नाच्या आधीच सासूने बजावलं होतं, मासे किती मिळाले विचार, कशाने मिळाले विचार, कुठे मिळाले हे विचारायचं नाही. रेनडिअर किती आहेत हे विचारतो का आपण कुणाला? मग मीही विचारलं नाही. सकाळी आठला तो धक्क्यावरून निघायचा, पश्चिमेच्या टोकाला वळसा घालायचा, की दिसेनासा व्हायचा. तीनला परत. वीस वर्षं." त्यांनी कप फिरवला. "आता रात्रंदिवस एकच घोळतंय. एवढ्या लांब का जायचा हा माणूस? मासे तर हाताएवढेही नसायचे. माझ्यापासूनच लांब जायचं होतं का त्याला?"

टार्मोने पावात तोंड खुपसलं. असं थेट बोलणं आमच्याकडे ऐकायची सवय नाही.

"दोघं येऊन गेले," काकू पुढे म्हणाल्या. "त्यांना हेच सांगितलं. गाडी चालवून बघा, विल्हो कुठे बसायचा ते शोधा, मला सांगा, गाडी तुमची. एकजण तासाभरात आला आणि म्हणाला, मोठ्या पाण्यावर. काटा बघितला तर सहा किलोमीटर फिरला होता. त्याला कॉफीही दिली नाही."

"आणि नाही सापडली तर?"

"तर गाडी शेडमध्ये राहील. तू तुझ्या गुडघ्यासकट घरी राहशील."

हे जरा लागलं, पण खरं होतं.

इर्माने बरोबर आणलेलं रेनडिअरचं कातडं खांद्यावर टाकलं आणि गाडीची दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला गाडी खोकली, धूर सोडला आणि सुरू झाली. काकू खोटं बोलल्या नव्हत्या. धक्क्यावरून सरळ समोर लहानसं बेट होतं, पण मधल्या चिंचोळ्या पाण्यात प्रवाह आहे, तिथे बर्फ कधीच जाड होत नाही. म्हणून सगळे पश्चिमेच्या टोकाला वळसा घालतात. इर्मानेही घातला. टोक ओलांडल्यावर मनोरा दिसला, पण झोपडीपासून खूप डावीकडे. ती हळूहळू उजवीकडे, बेटाच्या मागे सरकत गेली. मनोराही सरकला, आणि एका जागी झोपडीच्या डोक्यावर येऊन बसला. काट्यावर दोन किलोमीटरसुद्धा झाले नव्हते.

बेटाच्या मागे तिने इंजिन बंद केलं. बर्फावर इंजिन घुरघुरलं तर खालचे मासे पळतात, म्हणून शेवटची शंभर पावलं चालायची. वरचा कडक थर वजन पेलत होता आणि गुडघा कुरकुरत होता. मनोरा झोपडीवर ठेवून ती बेटाच्या टोकाला वळसा घालून पुढे आली. आता दुसरी रेघ. समोरच्या काठावर फरची दाट रांग, मध्ये एकच दुबेळक्याचं पाइन. त्याच्या फाट्यात एक धुराडं होतं, टोपी घातलेलं, आणि त्यातून धूर निघत होता.

इर्माने डोळे चोळले. अर्ध्या तासापूर्वी ती त्याच धुराड्याखाली बसून वेलदोड्याचा पाव खात होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! टोकाला फिरून, बेटाच्या मागून, हा माणूस आपल्याच घरासमोर येऊन बसायचा. काठावरच्या झाडांमुळे घरातून तो दिसायचा नाही. त्याला घराचंही फक्त धुराडं दिसत असणार. काकूंनी चूल पेटवली, विझवली, पुन्हा लाकूड टाकलं, सगळं त्याला इथून कळत असणार. इर्माला हसू आलं.

आणि मग तिला आठवलं की आता हे सांगायचंय.

जागा सांगायची नाही. तिने तिची जागा सख्ख्या आईला सांगितली नव्हती, टार्मोला तर वासही लागू दिला नव्हता. मेलेल्या माणसाची जागा म्हणजे आणखीच जपायची गोष्ट. त्याने काचेवर कोरली ती स्वतःसाठी. पण पलीकडे एक बाई "माझ्यापासूनच लांब जायचं होतं का" म्हणत बसली होती. इर्मा बर्फावर बराच वेळ उभी राहिली. नाक गारठलं तेव्हा तिला युक्ती सुचली.

काकू धक्क्यावरच उभ्या होत्या, काठावर, बर्फापासून बरोबर एक पाऊल मागे. "सापडली?"

"सापडली."

"मग सांग."

"सांगता येणार नाही, काकू."

काकूंचा चेहरा दगड झाला. "मग गाडीही मिळणार नाही."

"जागा सांगायची नसते, तुमच्या सासूबाईंचाच नियम. पण मागे बसवून न्यायचं नाही, असं कुठे म्हटलंय?" इर्मा थोडी सरकली. "बसा."

"मी बर्फावर येत नाही."

"सत्तर सेंटीमीटर जाड आहे. वर ट्रक उभा राहील."

"ट्रकचं काय जातंय?"

"काकू, बसा हो," टार्मो म्हणाला. "ताई इतकी मोकळी पुन्हा कधी व्हायची नाही. मी लहानपणापासून वाट बघतोय."

काकूंनी एकदा घराकडे पाहिलं, एकदा तळ्याकडे. मग आपली काठी टार्मोच्या हातात दिली, डोळे मिटले आणि इर्माची कंबर इतक्या जोरात धरली की तिचा श्वास कोंडला. टोक ओलांडल्यावर "अजून किती?" म्हणाल्या. बेटाच्या मागे गाडी थांबली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि संशयाने म्हणाल्या, "बिघडली का?"

"पोचलो. इथून पायी."

एका हाताने इर्माचा दंड धरून काकू चालल्या. प्रत्येक पावलाला थांबून बर्फ करकरतो का ऐकत. बेटाचं टोक आलं, आणि इर्माने त्यांना बरोबर त्या जागी उभं केलं, मनोरा डावीकडे, पाइन समोर. ती काहीच बोलली नाही. नियम तो नियम.

काकूंनी आधी झाड पाहिलं. मग धुराडं. मग त्या धुराकडे बघतच राहिल्या.

"हे आमचंच," त्या म्हणाल्या.

"हं."

"इथे? रोज?"

इर्माने मान हलवली.

काकूंचे डोळे भरून आले, आणि लगेच त्या भडकल्या. "मेल्या! वीस वर्षं मी याला दोन थर्मास भरून देत होते! सॉसेज, काळा पाव, लोणी, कोरडे मोजे! पाच वाजता उठून! लांब जातो म्हणून! हा तर इथे! जेवायला घरी नसता आला?" त्यांनी हातमोज्याने डोळे पुसले. "का नाही सांगितलं याने?"

"तुम्ही विचारलं नाही," इर्मा हळूच म्हणाली.

"विचारायचं नसतं."

"आणि सांगायचं नसतं."

वारा पडलेला होता. काकूंच्या कपाळाला आठी पडली, त्या काहीतरी ठरवत होत्या. मग त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात झाडांच्या रांगेकडे तोंड करून ओरडल्या, "कॉफी ठेव!"

क्षणभर काहीच नाही. मग झाडांपलीकडून, अंगणातून, टार्मोचा आवाज बर्फावरून सरपटत आला, शेजारच्या खोलीतून यावा इतका स्पष्ट. "किती जणांची?"

काकूंचं तोंड तसंच उघडं राहिलं. म्हणजे हाक ऐकू येत होती. वीस वर्षं, कुठल्याही दिवशी, अंगणातून नुसतं नाव घेतलं असतं तरी इथे ऐकू आलं असतं.

"किती जणांची, काकू?" पुन्हा आवाज आला.

"तिघांची!" साइमी काकू ओरडल्या. मग इर्माच्या खांद्यावरचं कातडं त्यांनी ओढून घेतलं, त्या जागी अंथरलं आणि सावकाश खाली बसल्या. "पण घाई नको! आम्ही इथे जरा बसतोय!"